न चुकलेलं पाऊल

शहाड,
१२ जानेवारी २०२५

विनिता,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखूनही पत्र अजून हातात असेल, तर एवढं वाचून मग फाड. फोनवर तू मला अकरा वर्षांपूर्वीच ब्लॉक केलंस, म्हणून ही जुनी वाट धरावी लागली. पोस्टमन म्हणून तुझ्याच भाचीला कामाला लावलंय.

हो, प्रियांकाला. ती तुझी भाची आहे हे मला आधी माहीत नव्हतं, शप्पथ. नवीन बॅचला एक मुलगी आणि तिचा होणारा नवरा सिद्धेश असे दोघं आले. मे महिन्यात लग्न, रिसेप्शनला वॉल्ट्झ करायचाय म्हणाले. सिद्धेश नाचताना स्वतःच्या बुटांवर अशी नजर ठेवून असतो, जणू देवळाबाहेर काढून ठेवलेत. पण मुलगी उभी राहिली आणि मी बघतच राहिलो. मान, खांदे, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "कोणाकडे शिकलेलीस गं?" तर म्हणाली, "कोणाकडे नाय सर. आत्याला बघून."

मग आत्याचं नाव सांगितलं.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. वागळे इस्टेटला दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे, तोच. खाली पत्रे कापतात, त्यामुळे टँगोला वेगळा ठेका लावावा लागत नाही. वय सत्तेचाळीस. डावा गुडघा जिना चढताना बोलतो. रोज सकाळी पाऊण तास व्यायाम, पोटऱ्या, कंबर, श्वास. पोट अजून आत आहे, हे लिहिल्यावाचून मला राहवत नाही हे तुला माहीतच आहे. बायका पहिल्या दिवशी क्लासला येतात त्या पर्स पोटावर धरून. मी पहिलं काम एकच करतो, पर्स खुंटीला लावायला सांगतो. हात मोकळे झाले की आपण केवढे आहोत हे माणसाला एकदम कळतं आणि ते कुणालाच आवडत नाही. महिन्याभराने त्याच बायका आरशासमोर सरळ उभ्या राहतात. कुणाचं वजन दोन किलोसुद्धा उतरलेलं नसतं. फक्त हनुवटी वर आलेली असते. या एका गोष्टीसाठी मला हा धंदा अजून आवडतो.

असो. मुद्द्यावर येतो. प्रियांका सांगत होती की तू आता अजिबात नाचत नाहीस. हळदीला तरी नाच म्हणून ती मागे लागलीय आणि तू नाही म्हणतेस. डॉक्टरांनी शुगरसाठी रोज तासभर चालायला सांगितलंय, तर तू सोसायटीच्या भिंतीला हात लावत दोन फेऱ्या मारतेस आणि वर येतेस. डोंबिवलीचा पूल उतरताना रेलिंग सोडत नाहीस. ती म्हणाली, "आत्या म्हणते, माझा तोल खराब आहे, मी पडणारी बाई आहे."

चव्वेचाळीस म्हणजे काही वय नाही, विनिता. तुझा तो अपघात झाल्याला किती वर्षं झाली! तोल कमावता येतो. दात घासताना एका पायावर उभी राहा, आधी उजव्या, मग डाव्या. भिंतीपासून हातभर अंतरावर राहा, पण भिंतीला हात लावू नकोस. टाचांवरून बोटांवर दहा वेळा. महिन्यात फरक पडेल. न पडला तर मला शिव्या दे, त्यासाठी तरी अनब्लॉक करशील.

तुझा जुना पार्टनर,
धम्मपाल


शहाड,
२ फेब्रुवारी २०२५

विनिता,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. प्रियांकाला विचारलं तर म्हणाली, "वाचलंय तिनं. फ्रिजवर गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलंय." म्हणजे फाडलं नाहीस. मी यातच खूश.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. तू आलीस कशी बोलण्यात, ते. सिद्धेश-प्रियांका आले तो पहिला रविवार होता, आणि पहिल्या रविवारी मी दर बॅचला एक गोष्ट सांगतो. गेली दहा वर्षं सांगतोय. की मित्रांनो, माझी एक पार्टनर होती. नऊ वर्षं आम्ही एकत्र नाचलो. अशी पार्टनर मिळायला नशीब लागतं. पण आजारपणानंतर तिने फिटनेसकडे दुर्लक्ष केलं, आणि स्पर्धेच्या फायनलमध्ये, भरल्या हॉलमध्ये, तिचा तोल गेला. ती पडली. मी तिला उचललं आणि आम्ही हसत नाच पूर्ण केला. तेव्हा शरीराला गृहीत धरू नका.

नाव मी कधीही घेतलं नाही. एवढं तरी माझ्या खात्यावर धर.

लोकांना ही गोष्ट फार आवडते. बायका हळूच डोळे टिपतात. पुरुष आपापल्या पोटाकडे बघतात. दुसऱ्या दिवसापासून सगळे वेळेवर येतात. त्या दिवशी सगळे गेले, प्रियांका मागे राहिली. म्हणाली, "सर, ती बाई पडली कशी पण?"

मी म्हटलं, "सांगितलं ना, तोल गेला तिचा."

ती म्हणाली, "आमची आत्यापण असंच सांगते. सेम टू सेम. तुमच्यासारखंच थांबते पण मधे." मग तुझं नाव घेतलं.

मी म्हटलं, हो, तीच. पोरीने बॅग खांद्याला लावली आणि गेली. पुढच्या रविवारी परत आली, कारण सिद्धेशची नजर अजून बुटांवरून वर आलेली नाही.

आता तू म्हणशील, माझी गोष्ट सांगायची परवानगी तुला कोणी दिली. बरोबर आहे. पण त्या गोष्टीने पाचशेएक माणसं व्यायामाला लागली असतील. आणि आपल्या अपघाताच्या वेळी तुझं वजन चार किलो वाढलेलं होतं, हे काही मी बनवून सांगत नाही. काविळीनंतर दोन महिने तू घरी होतीस, डाळभात आणि ऊस. श्वास कमी पडत होता तुझा, क्विकस्टेपच्या तिसऱ्या फेरीला मला हाताला जाणवायचं.

हे लिहून झाल्यावर चहा करून आलो. परत वाचलं. पत्र पाठवतोय, पण वाचून मला बरं वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

धम्मपाल


शहाड,
१७ फेब्रुवारी २०२५

विनिता,

आईला तू अजून आठवतेस. "डोंबिवलीची गोरी पोरगी, भाकरी मागून खायची ती," असं म्हणते. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, कान तिखट. काल मी टेबलावर कागद घेऊन बसलेलो, तर म्हणाली, "कुणाला लिवतो रं येवढं? कोर्टात हाय का काय काम?"

तिला सांगितलं. म्हणाली, "ती पडली म्हणं. कशी पडली?"

आईला बॉलरूम समजावून सांगणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, आई, आमच्या नाचात पुरुष आणि बाई समोरासमोर असतात. बाई बरेचदा पाठमोरी पुढे जाते, तिला काही दिसत नाही. पुरुषाने तोंडाने बोलायचं नसतं. तो अंगाने सांगतो, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, आणि ती तेवढ्यावर पाऊल टाकते.

 आई म्हणाली, "म्हंजी तिचं डोळं तूच की रं."

"हो."

"पाठीवर हात कुणाचा व्हता, ती पडली तवा?"

"माझाच."

तीस वर्षं कल्याणच्या भाजी मार्केटात तिने डोक्यावर टोपल्या वाहिल्या. म्हणाली, "टोपली पडली तर डोक्याला बोल लावू नये, बाबा. चुंबळ कुणी वळली ते बघावं." आणि टीव्ही लावला.

मी रात्रभर विचार केला वगैरे म्हणणार नाही, कारण विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला पहिल्या सेकंदापासून माहीत आहे. अकरा वर्षं माहीत आहे.

स्टेजच्या बाजूचा कोपरा आठव. आपण तिथे वळण घेणार होतो, शंभरदा केलेलं. डावीकडून ती पुण्याची जोडी आत घुसली. मला वाटलं आपटणार. मी थांबायचं ठरवलं, पण ठरवेपर्यंत माझी छाती उलटीकडे वळलेली होती. पाय थांबला आणि अंग म्हणालं, चल. तू अंगाचं ऐकलंस. माझं अंग जिथे बोलावत होतं तिथे तू बरोबर आलीस, पूर्ण वेगाने, पूर्ण विश्वासाने, आणि तिथे माझा पाय रोवलेला होता. त्याला अडकून तू पडलीस.

तू पाठ केलेलं पाऊल टाकलं असतंस तर वाचली असतीस. एखादी कच्ची पार्टनर असती तर ती आपल्या मनाने अर्धं पाऊल मागे राहिली असती आणि उभी राहिली असती. तू पडलीस, कारण तू नीट ऐकलंस. वजनाचा काही संबंध नाही. श्वासाचा नाही. त्या चौरस फुटात एकच माणूस चुकला आणि तो उभा राहिला. आणि पडतो तो चुकला असं बघणारे धरूनच चालतात.

आत आल्यावर तू विचारलंस, "धम्मा, माझं काय चुकलं?" चार जोड्या कपडे बदलत होत्या, सगळ्या ऐकत होत्या. त्याच महिन्यात वागळे इस्टेटचा गाळा घेतला होता. बोर्ड रंगवून तयार होता. पार्टनरला पाडणाऱ्या माणसाकडे कोण आपली बायको नाच शिकायला पाठवेल? आणि खरं सांगू, क्लासपेक्षाही दुसरंच काहीतरी होतं. आमच्या चाळीत मला नाच्या म्हणायचे. माझ्याकडे घर नव्हतं, शिक्षण नव्हतं, फक्त हे अंग होतं आणि ते चुकत नाही अशी समजूत होती. ती समजूत गेली असती तर मी कोण उरलो असतो? म्हणून मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझा तोल गेला. वजनाकडे बघ जरा."

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. मी अंगणाला काही म्हटलं नाही. तुला म्हटलं.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तू परत विचारलंस, नेमकं कुठे चुकलं ते दाखव. तुला नेमकं लागायचं नेहमी. मी खडू घेतला. जमिनीवर खुणा केल्या आणि दाखवलं, हे बघ, इथे तुझा उजवा पाय आत येतो. तो येत नव्हता, विनिता. मी ती चूक तिथल्या तिथे तयार केली. आणि तू दोन महिने ती सुधारत राहिलीस. रोज, तास तास. जे बिघडलंच नव्हतं ते सुधारता सुधारता बिघडलं. तिसऱ्या महिन्यात तू खरोखर डगमगायला लागलीस. तेव्हा मला काय वाटलं माहितीय? मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बघा, मी म्हणतच होतो.

आत्मविश्वास वाढवायचे मी लोकांकडून पैसे घेतो. तो कसा काढून घ्यायचा हे मला जास्त चांगलं येतं, ते फुकट केलं.

तू क्लास सोडलास तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तिला फिटनेस जमला नाही.

धम्मपाल


शहाड,
२४ फेब्रुवारी २०२५

विनिता,

काल रविवार होता. सगळ्या बॅचना एकत्र बोलावलं, बत्तीस माणसं. त्यांना सांगितलं की पहिल्या दिवशी ऐकवलेली गोष्ट खोटी होती. या वेळी तुझं नाव घेतलं. नुसतं बोलून कळणार नाही म्हणून माझ्या असिस्टंटला, रत्नदीपला, पार्टनर केलं, खाली गादी टाकली आणि तोच कोपरा करून दाखवला. छाती वळवली, पाय रोवला. रत्नदीप पठ्ठ्या चांगला ऐकणारा आहे, बरोबर पडला. लोकांना एका क्षणात कळलं. मी म्हटलं, विनिता अशी पडली, आणि अशी पडते ती उत्तम पार्टनर असते.

आणि टाळ्या पडल्या. एक काका उठून म्हणाले, "सर, कबूल करायला मोठं मन लागतं."

मी वाकून टाळ्या घेतल्या. सवयीने, एक हात छातीवर, जसं फायनलला घेतो तसं. प्रियांका तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. सिद्धेशने दोनदा वाजवल्या, तिच्याकडे बघितलं आणि हात खिशात घातले.

घरी येऊन मला लाज वाटली. तुला पाडून मी एकदा उभा राहिलो होतो, काल परत एकदा राहिलो. हे तुला सांगितलं नसतं तर प्रियांकाने सांगितलंच असतं, पण त्यासाठी सांगत नाही.

सगळी पत्रं मिळून मला एकच वाक्य लिहायचं होतं आणि ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तुझा तोल चांगला आहे. आजही असणार. तो कधी गेलाच नव्हता.

धम्मपाल


डोंबिवली पूर्व,
९ मार्च २०२५

धम्मपाल,

चारही पत्रं मिळाली. तिसरं मी आठवडाभर रोज वाचलं. स्वयंपाकघरात उभं राहून, भाजी करपेपर्यंत.

तुला वाटत असेल की विनिताला आतून ठाऊक होतं, फक्त रागावून बसलीय. तसं समजून स्वतःला बरं वाटून घेऊ नकोस. मला ठाऊक नव्हतं. तू म्हणालास म्हणून मी खरं मानलं. नऊ वर्षं तुझ्या हाताचं ऐकायची सवय होती, ती एका दिवसात कशी जाणार? तू खडूने दाखवलेली चूक मी घरीसुद्धा करत बसायचे, ओट्यासमोर, लग्न झाल्यावरही. आपला पाय आत येतो म्हणून रस्त्याने चालताना खाली बघायचे. तुला मी मनातल्या मनात चांगला माणूस समजत होते. म्हणायचे, त्याने तरी किती दिवस माझ्यासारखीला सांभाळायचं. ब्लॉक केलं ते रागाने नव्हे, शरमेने.

व्यायाम कळवलेस त्याबद्दल आभारी आहे. एका पायावर उभं राहून दात घासले. आळीपाळीने दोन्ही पायांवर. शेवटी पेस्ट संपली पण मी काही पडले नाही.

टाळ्या घेतल्यास हे वाचून हसू आलं. तू बदललेला नाहीस. तू लिहिलंस ते बरं केलंस, हेही कबूल करते. पण चारही पत्रं मी पुन्हा पहिल्यापासून चाळली. चूक आहे, लाज आहे, आई आहे, चाळ आहे. "मला माफ कर" एवढं मात्र कुठेही नाही. आता लिहू नकोस. मी सांगितल्यावर आलेलं मला नको.

प्रियांकाच्या हळदीला मी नाचणार आहे. तू येऊ नकोस. तू समोर असलास तर मी परत तुझ्याकडे बघून पाऊल टाकीन, आणि मला या वेळी माझ्या मनाने टाकायचं आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते आणि संपवते. मला मुलगी आहे. नयन. नऊ वर्षांची. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ती झाल्यापासून एकदाही मी तिला कडेवर घेऊन जिना उतरले नाही. डोस द्यायला न्यायचं तर शेजारच्या ताई तिला घेऊन पुढे, मी मागून रिकाम्या हाताने. नवरा कामावर गेला की आम्ही दोघी दिवसभर वरच. ती खिडकीतून खालची पोरं बघायची. बिल्डिंगमधल्या बायका पोरांना काखेत मारून धाडधाड उतरायच्या. सासूबाई म्हणाल्या, कसली ही आई. मी सगळ्यांना एकच सांगायचे, माझा तोल चांगला नाही, माझ्या हातून पडेल ती.

परवा सकाळी शाळेला निघताना तिला म्हटलं, ये, उचलते तुला. तिला वाटलं मी गंमत करतेय. उचललं. बरीच जड झालीय, पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते आणि पाठीवर दफ्तर. ओरडायला लागली, "आई, सोड ना, लोक बघतायत! मी काय बाळ आहे का?" मी सोडलं नाही. तिन्ही मजले उतरले. खाली ठेवल्याबरोबर ती फ्रॉक झटकत रिक्षाकडे पळाली, मैत्रिणींना काहीतरी सांगून हसली.

मी तिथेच पायरीवर बसले आणि खूप रडले, धम्मा. किती सोपं होतं ते.

विनिता